कोबे बंदरावरची आंघोळ

या मंडळी, थोडं पुढं सरकून बसा. बायांनी बायांच्या बाजूनं बसा, बाप्यांनी बाप्यांच्या, पण मधली जागा मोकळी सोडू नका. ही गोष्ट भोंग्यावरून सांगायची नाही, जवळच्या माणसाशी बोलतो तशी बोलायची आहे. गोष्ट आहे वडनेर भोलजीच्या उकंडरावांची. नांदुऱ्याच्या पलीकडं फारसा मुक्काम न केलेला हा माणूस एका नोव्हेंबरात जपानच्या कोबे बंदरावर जाऊन उभा राहिला. तिथं त्यानं काय केलं आणि त्याच्या घरात पुढं काय झालं, ते सांगतो. गोड गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ऐकाच.

उकंडराव सातव म्हणजे गावचे टाळकरी. कीर्तनाला महाराज कुठलेही येवोत, त्यांच्या डाव्या हाताला तिसरा टाळ उकंडरावांचा, हे चाळीस वर्षांपासून ठरलेलं. चार एकर जमीन, एक विहीर, शेतात कपाशी आणि तूर. घरात बायको वच्छलाबाई, एकुलता मुलगा गोकुळ, सून सुचिता आणि नात छकुली.

गोकुळ मालवाहू जहाजावर खलाशी होता. गावाला याचं मोठं नवल. उन्हाळ्यात ज्या गावात विहिरीचा तळ दिसतो, तिथला पोरगा समुद्रावर राहतो! सुटीवर आला की पारावर त्याची फिरकी घेणारे टपलेलेच असत.

"काय बे गोकुळ, जहाजावर काय काम करतं तू?"

"गंज खरडतो, रंग देतो, दोर ओढतो."

"मंग आमच्या टिनाले दे ना रंग! एवढ्यासाठी इतक्या दूर काऊन जातं?"

"तुह्या टिनाले रंग दिला तर टिन पडन, काका. गंजावरच उभं हाय ते." असं म्हणून तोच सगळ्यांत आधी हसायचा.

तर या प्रवासाच्या सात वर्षं आधी काय झालं, गोकुळचं जहाज कोबेच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. आत जागा मिळण्याची वाट पाहत. सकाळी हजेरीला सगळे आले, गोकुळ आला नाही. जहाज वरपासून खालपर्यंत पालथं घातलं. मग पाणी शोधलं. तिथल्या लोकांनी चार दिवस होड्या फिरवल्या, पाचव्या दिवशी थांबवल्या. घरी पत्र आलं. पत्रात शब्द होता ‘बेपत्ता’. गेला असं कुणीच लिहिलं नव्हतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

तुम्हाला तर ठाऊक आहे, आपल्याकडं माणूस गेल्याची बातमी आली की घरची माणसं असतील त्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतात. लुगडं सोडायचं नाही, सदरा काढायचा नाही. सुतक, दहावा, तेरावा हे सगळं त्याच्या नंतरचं. ते पाणी डोक्यावरून गेलं म्हणजे घरानं कबूल केलं की माणूस गेला. गोकुळचं पत्र आलं त्या दिवशी उकंडरावांचे चुलतभाऊ रामराव आले, भावकीतली चार माणसं आली.

"दादा, छातीवर दगड ठेव न् आंघोळ कर," रामराव म्हणाले. "देह नाही सापडला तरी पळसाच्या पानाचा पुतळा करून क्रिया होते. मी महाराजाईले इचारलं हाय."

उकंडराव उठलेही असते. पण वच्छलाबाई न्हाणीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"माह्या पोराच्या नावानं या घरात पाणी सांडाचं नाही," ती म्हणाली. "ज्याले आंघोळ करायची असन त्यानं आपल्या घरी जाऊन करा."

रामराव खाली मान घालून निघून गेले. त्या दिवशी त्या घरात कुणीच आंघोळ केली नाही.

आता वच्छलाबाईच्या डोक्यात हे पक्कं कशानं बसलं, तेही सांगतो. पत्र आल्यावर त्याच महिन्यात गावात सप्ताह होता. पाचव्या दिवशीच्या महाराजांनी उत्तररंगात आख्यान लावलं. एका गुरूचा मुलगा समुद्रानं गिळला. शिष्य म्हणून राहिलेल्या देवानं विचारलं, गुरुदक्षिणा काय देऊ? गुरुपत्नी म्हणाली, माझं लेकरू दे. आणि देव समुद्रात गेला, खालच्या लोकापर्यंत गेला, आणि ते लेकरू जसंच्या तसं आणून आईपुढं उभं केलं. महाराज फार रसाळ सांगत होते. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, बायांच्या तिसऱ्या रांगेत कोण बसलंय. सगळा मांडव डोळे पुसत होता. वच्छलाबाईनं मात्र डोळे पुसले नाहीत. आपल्या नावानं आलेला निरोप ऐकावा तशी ती ऐकत होती.

आणि महाराजांच्या डाव्या हाताला उकंडरावांचा टाळ चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकला.

घरी आल्यावर वच्छलाबाई म्हणाली, "ऐकलं ना?" उकंडराव काय बोलणार? अगं, ही कीर्तनातली कथा आहे, असं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. ज्या कथेला उभ्या जन्मात मान डोलावली, ती स्वतःच्या पोराच्या वेळी खोटी कशी म्हणायची? ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची सात वर्षं झाली.

या सगळ्यात सुचिता होती, हे लोक विसरले. नवरा गेला तेव्हा सत्तावीस वर्षांची, पदरात एका वर्षाची छकुली. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. एका संक्रांतीला गावातल्या तानुबाईच्या घरी हळदीकुंकवाला गेली. तानुबाईनं बोटावर कुंकू घेतलं, सुचिताच्या कपाळापर्यंत बोट नेलं, आणि ते तिथंच थांबलं. क्षणभरच. मग "तुले मंग लावतो हं, बाई," असं म्हणून ती पुढच्या बाईकडं वळली. तानुबाई वाईट नव्हती, तिला खरंच कळेना काय करावं. सुचिता वाण न घेता घरी आली आणि पुन्हा कुणाकडं गेली नाही.

जपानला जायच्या आदल्या वर्षी दिवाळीत नांदुऱ्याच्या चिंतामण गुरुजींचा मुलगा चिन्मय घरी भेटायला आला. गुरुजींनी गोकुळला शाळेत शिकवलेलं. चिन्मय तिकडं जपानात, ओसाकाला एका कारखान्यात इंजिनिअर. बोलता बोलता म्हणाला, "काका, माझ्याकडून कोबे गाडीनं अर्ध्या तासावर आहे. एकदा येऊन पाहून जा. नुसतं बसून तरी काय होतं?" पुढच्या वर्षभरात पासपोर्टापासून तिकिटापर्यंत सगळं त्यानंच पाहिलं.

निघायच्या दिवशी वच्छलाबाईनं उकंडरावांना समोर बसवून समजावलं.

"हे पाहा, समुद्राकडं पाहात बसू नका. माणसाईकडं पाहा. त्याच्या डोक्याले मार लागला असन, नाव-गाव इसरला असन. बंदरावर हमाली करून राह्यला असन कुठं. मांगून चाल पाहा. त्याची चाल तुमच्यासारखी हाय, डावा पाय जरासा भाईर टाकते. न् चष्मा इसरू नका."

फाट्यापर्यंत सुचिता पोचवायला आली. गाडी यायची होती. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडं पाहत उभी होती. मग म्हणाली,

"मामाजी, आत्याबाई म्हणतात तो हाय. रामरावकाका म्हणतात गेला. मी सात वर्सापासून मधात उभी हाओ. तुमी तिकडून काय ते एक ठरवून या. हाय म्हना, मी जलमभर वाट पाहीन. गेला म्हना, मी रडून घेईन. मले दोन्ही चालन. पण एक सांगा."

उकंडराव "हाव" म्हणाले. गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण सुनेला शब्द देऊन बसलो.

कोबे शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळं पसरलेलं आहे. आपल्याकडं नदीकाठी गाव असतं तसं, फक्त नदीच्या जागी अख्खा समुद्र. उकंडराव पोचले त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही, पण उजेडही नाही. वारा अंगातून आरपार जाणारा. धोतर, बंडी, त्यावर चिन्मयचं जाड जाकीट आणि कानाला मफलर, अशा वेशात ते स्टेशनाबाहेर आले. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, कुणाचा मोठा आवाज नाही. "इथं लोक भांडत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"भांडतात, पण हळू आवाजात," चिन्मय म्हणाला.

बंदराजवळ लाल लोखंडाचा एक उंच मनोरा उभा आहे. मध्ये बारीक, वर-खाली रुंद, थेट डमरूसारखा. प्रवासी त्याच्यापुढं उभे राहून फोटो काढत होते. उकंडरावांनी डमरू पाहून सवयीनं हात जोडले. शेजारच्या दोन म्हाताऱ्या जपानी बायांना वाटलं, हा आपल्यालाच नमस्कार करतोय. त्यांनी कमरेतून वाकून उलट नमस्कार केला. मग उकंडराव वाकले. मग त्या पुन्हा वाकल्या. चिन्मयनं काकांचा दंड धरून त्यांना पुढं नेलं, नाहीतर हे संपलं नसतं.

पण प्रवाशांच्या भागात उकंडरावांचं मन लागेना. "माल कुठं उतरवतात?" ते विचारत राहिले. चिन्मय त्यांना फिरवत फिरवत जुन्या धक्क्यांकडं घेऊन गेला. कुंपणापलीकडं मालाचे लोखंडी डबे रचलेले, घरांएवढे. पिवळी टोपी घातलेली माणसं कामाला. वर घारी घिरट्या घालत होत्या, अगदी आपल्यासारख्याच. उकंडरावांनी चष्मा पुसला, कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवली आणि बायकोनं सांगितलं तसं करायला लागले. एकेकाची चाल पाहू लागले, पाठमोरी.

पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. चिन्मय घड्याळ पाहत होता.

मग एक माणूस डब्यांच्या आडून निघाला आणि त्यांच्याकडं पाठ करून चालू लागला. डावा पाय किंचित बाहेर. खांदेही तसेच. उकंडराव जाळीला छाती टेकवून ओरडले,

"गोकुळ!"

कीर्तनात मागच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज. सगळा धक्का थबकला. तो माणूस वळला. पन्नाशीचा, चपट्या नाकाचा, भला जपानी कामगार. कुंपणाशी एक धोतरवाला म्हातारा पाहून त्याला काही कळेना. त्यानं टोपी काढली, मान लववली आणि पुन्हा कामाला लागला.

"काका, चला आता," चिन्मय म्हणाला.

"चिन्मय, बेटा, हा नाही, पण दुसरा एखादा..."

"काका." एवढंच म्हणून त्यानं जाळीत अडकलेली त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

दुपारी दोघं प्रवासी बोटीत बसले. बंदराला फेरी मारून आणणारी ती बोट. वर सहलीला आलेली कुटुंबं, आइस्क्रीम खाणारी पोरं, भोंग्यातून एक बाई गोड आवाजात काहीतरी सांगतेय. लाटा अडवणारी दगडी भिंत ओलांडली आणि बोट जरा डोलायला लागली. चिन्मयनं हात केला. "जहाजं नांगर टाकतात ती तिकडं. त्या भागात कुठंतरी."

उकंडरावांनी पाहिलं. पाणी राखाडी, आभाळ राखाडी. मधली रेघ कुठली, ते कळत नव्हतं. कुठं खूण नाही, खांब नाही. दोनचार जहाजं दूरवर उभी होती, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी.

"किती खोल असन?"

"मोठी जहाजं येतात म्हणजे... पन्नासेक फूट तरी असेल."

"म्हंजे आपल्या विहिरीइतकंच."

"हो, साधारण."

हे ऐकून उकंडराव कठड्यापासून मागं आले आणि बाकावर बसले. सात वर्षं त्यांच्या मनातला समुद्र कीर्तनातला होता. त्याला तळ नव्हता. त्याच्या खाली दुसरं जग होतं, तिथून देव माणसं परत आणू शकत होता. पन्नास फुटांची विहीर मात्र त्यांना चांगली ठाऊक होती. तरुणपणी एकदा पाय घसरून पडलेला माणूस त्यांनी स्वतः गळ टाकून वर काढला होता, तिसऱ्या दिवशी. पन्नास फुटांत काय होतं, किती वेळात होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. समोर एक पोरगी आइस्क्रीम सांडलं म्हणून रडत होती आणि तिचा बाप रुमालानं तिचं तोंड पुसत होता. उकंडराव तिच्याकडं पाहत बसले. तिचं वय छकुलीएवढंच असेल.

बोट काठाला लागली. परतीच्या वाटेवर, बागेच्या टोकाला, त्यांना एक मोडलेला धक्का दिसला. फरशी फुटून पाण्यात तिरकी गेलेली. दिव्याचे खांब कलंडलेले. फुटक्या सिमेंटच्या भेगांमधून समुद्राचं पाणी आत-बाहेर करत होतं. आजूबाजूला सगळं नवं, चकचकीत, आणि मध्ये हे.

"हे काऊन दुरुस्त नाही केलं? एवढं श्रीमंत गाव!"

"मुद्दाम ठेवलंय, काका. मी जन्मायच्या आधी इथं भूकंप झाला होता. सहा हजारांवर माणसं गेली. सगळं बंदर असंच मोडलं होतं. मग त्यांनी ते पुन्हा बांधलं, फक्त एवढा तुकडा तसाच ठेवला."

"एवढाच?"

"एवढाच. बाकीच्या ठिकाणी कामं सुरू केली."

उकंडराव कठड्याला धरून खूप वेळ उभे राहिले. चिन्मयला वाटलं, थकले असतील. त्यांना मात्र आपलं घर दिसत होतं. भूकंप झाला त्या दिवशी होतं तसंच, सगळंच्या सगळं. एक खांबही सरळ केलेला नाही. त्या कलंडल्या खांबाखाली सुचिता उभी, कडेला छकुली.

वळून ते म्हणाले, "चिन्मय, इथं आंघोळीले जागा कुठं हाय?"

"आंघोळ? सकाळी तर झाली ना, काका? घरी गेल्यावर करा, गरम पाणी आहे."

"नाही. आत्ता पाह्यजे. हे समुद्र दिसते तोवर पाह्यजे."

चिन्मय बरीच वर्षं बाहेर राहिलेला, त्याला काही उमगलं नाही. वाटलं, बंदराच्या वासानं किळस आली असेल, म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी. त्यानं मोबाइलवर शोधलं. मागच्या गल्लीत एक जुनं सार्वजनिक न्हाणीघर होतं. तिथं अजून कामगार लोक संध्याकाळी येतात. दारात पडदा, आत लाकडी कपाटं, उंच जागेवर बसलेली पांढऱ्या केसांची मालकीण. बायांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा.

"काका, इथली पद्धत ऐका. सगळे कपडे काढून या कपाटात ठेवायचे. मग आत स्टुलावर बसून साबणानं अंग धुवायचं, आणि नंतर त्या हौदात उतरायचं. कपडे घालून आत जायचं नाही, बरं का."

उकंडरावांनी जाकीट काढलं, मफलर काढला, चष्मा काढून चिन्मयच्या हातात दिला. आणि धोतर-बंडीनिशी सरळ आत गेले.

"काका! काका, थांबा!"

आत पाचसहा माणसं अंग धूत होती. वाफ भरलेली. उकंडराव भिंतीकडं तोंड करून एका नळाखाली बसले, प्लास्टिकची बादली भरली, उचलली आणि डोक्यावर ओतली. बंडी अंगाला चिकटली. दुसरी भरली. एक म्हातारा गृहस्थ उठून मोठ्यानं काही बोलला, दुसऱ्यानं हात हलवून मनाई केली. चिन्मय पँट गुडघ्यापर्यंत ओढून धावत आत आला. सगळ्यांची माफी मागत, शरमेनं लाल झालेला.

"काका, कपडे काढावे लागतात इथं! लोक चिडलेत!"

"याच्यात काढत नसतात, बेटा," उकंडराव म्हणाले आणि तिसरी बादली डोक्यावर घेतली.

आणि तेव्हा चिन्मयला कळलं. त्याची आजी गेली तेव्हा चिंतामण गुरुजी असेच पँट-शर्टानिशी न्हाणीत बसले होते. आठ वर्षांचा चिन्मय दारात उभा राहून विचारत होता, बाबा कपडे घालून का आंघोळ करताहेत? तो ओल्या फरशीवर काकांशेजारी खाली बसला.

गलका ऐकून मालकीण आत आली. चिन्मय उठला आणि तिला त्यांच्या भाषेत सांगितलं. जमतील तेवढ्याच शब्दांत सांगितलं. यांचा मुलगा. सात वर्षांपूर्वी. या बंदराबाहेर. बाईनं उकंडरावांच्या पाठीकडं पाहिलं. ती पाठ हलत होती. आवाज मात्र नव्हता. जन्मभर गाण्याच्या मागं उभा राहिलेला माणूस, रडतानाही पुढं येत नव्हता. बाईनं त्या ओरडणाऱ्या गृहस्थाला हळूच काही सांगितलं. त्यानं आपला नळ बंद केला आणि तो टॉवेल उचलून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. मग एकेकानं आपापला नळ बंद केला. उकंडरावांचं पाणी संपेपर्यंत तिथं दुसरं पाणी वाजलं नाही.

बाहेर आल्यावर बाईनं आतून एक जाड सुती पायजमा आणि सदरा आणून दिला. नवऱ्याचा असावा. उकंडराव दारातून निघताना तिनं मुठीत काही आणलं आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांवर चिमूटचिमूट टाकलं. उकंडरावांनी जिभेला लावून पाहिलं. मीठ.

"माही दृष्ट काढली का यांनी?"

"नाही, काका. इथं कुणाला पोचवून आलं की अंगावर मीठ टाकतात. घरात जायच्या आधी."

उकंडराव तिच्यापुढं वाकले. ती वाकली. या वेळी चिन्मयनं कुणाचा दंड धरला नाही.

बंदरावर अजून थोडा उजेड होता. तिकडं वडनेरला दुपारचे दीड वाजले असतील. एका बाकावर बसून उकंडरावांनी घरी फोन लावून घेतला. फोन वच्छलाबाईनं उचलला.

"दिसला का?"

"समुद्र पाह्यला," उकंडराव म्हणाले.

"समुद्र पाहाले गेलते का तुमी? माणसं पाह्यली का?"

"पाह्यली. लई पाह्यली."

"चष्मा लावला होता ना?"

"लावला होता." ते थांबले. मग म्हणाले, "अवं, मी आंघोळ केली."

पलीकडं कोंबडी ओरडल्याचा आवाज आला. मग वच्छलाबाई हळू, अगदी हळू म्हणाली,

"कोणाले इचारून?"

उकंडरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी आई हाओ त्याची. मले न इचारता? तुमी थकले असान, तुमी करा. मी नाही थकली." आणि फोन बंद झाला.

वारा वाढला होता. चिन्मय म्हणाला, "काका, उद्या बोला आता." पण फाट्यावर दिलेला शब्द होता. त्यांनी सुचिताचा नंबर लावायला सांगितला. ती शेतात तूर पाहायला गेली होती. मागं वाऱ्याचा आवाज येत होता, इकडच्यासारखाच.

"मामाजी?"

"सुचिता, बेटा." त्यांनी जन्मात सुनेला बेटा म्हटलं नव्हतं. "तू म्हटलं होतं, एक सांगा."

"हाव."

"गोकुळ गेला. त्याच दिवशी गेला. मी आत्ता त्याच्या नावानं आंघोळ केली. तूबी कर."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं,

"छकुलीचीबी करू का?"

उकंडरावांनी फोन छातीशी धरला. चिन्मय दुसरीकडं पाहू लागला.

"कर," शेवटी ते म्हणाले. "पण तिले गरम पाणी दे. थंडीचे दिवस हायेत."

सुचितानं शेतातल्या विहिरीवर मोटार सुरू केली आणि अंगावरच्या लुगड्यानिशी पाइपाखाली बसली. संध्याकाळी बनाबाई नावाच्या शेजारणीच्या चुलीवर पाणी तापवून छकुलीला न्हाऊ घातलं, शाळेच्या गणवेशानिशी. घरच्या न्हाणीत नाही. घरच्या न्हाणीपुढं वच्छलाबाई बसलेली होती.

उकंडराव परत आले त्याला आता वर्ष होत आलं. पळसाच्या पानांचा पुतळा झाला नाही. वच्छलाबाई तो होऊ देणार नाही. ती नवऱ्याशी बोलते. भाजीत मीठ कमी आहे का विचारते, बैलाचं विचारते. गोकुळचं बोलत नाही. सुचितानं नांदुऱ्याला एका दवाखान्यात काम धरलंय, सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळी येते. तिच्या कपाळाकडं आता कुणी थबकून पाहत नाही. रात्री तिला रडताना वच्छलाबाई ऐकते आणि कूस बदलते. एकाच छपराखाली दोघांचा माणूस गेला आहे आणि तिसरीचा यायचा आहे. कोण चूक, कोण बरोबर, हे ठरवायला तुम्ही-आम्ही कोण? पांडुरंगाला ठाऊक.

तर मंडळी, उठायच्या आधी एवढंच मागणं आहे. ज्याची राख नाही, ज्याच्या नावाचा दगड नाही, त्याला राहायला आपल्याच मनात थोडी जागा लागते. गोकुळ उकंडराव सातव. वडनेर भोलजीचा. दोन्ही हात सोडून सायकल चालवायचा आणि पोरी पाहताहेत असं दिसलं की हमखास पडायचा. त्याची आठवण असू द्या.